त्याच्या नावाची कुस्ती

होळी झाली की कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठच्या गावागावांत जत्रा सुरू होतात. ऊस बराचसा तुटलेला असतो, रानं उघडी पडलेली असतात, आणि दुपार कलली की कुठल्या तरी मैदानातली हलगी कानावर येते. हा पैलवानांचा मुलूख. १९५२ साली हेलसिंकीला स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक जिंकणारे खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, हिंदकेसरी मारुती माने सांगलीजवळच्या कवठेपिरानचे. इथं बाळ बघायला आलेल्या म्हाताऱ्याही आधी त्याच्या मांड्या चाचपतात.

माझ्या भाच्याच्या पोटऱ्या चौथ्या वर्षीच टणक, भरदार होत्या. ‘पैलवान हुणार बघा पोरगं,’ असं जो तो म्हणायचा. जमिनीवरून उठताना तो आधी हात टेकायचा, मग गुडघे धरायचा, मग मांड्या, असा स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहायचा. घरात त्याचंही कौतुकच झालं. पुढं जिन्यावर तो वरचेवर पडायला लागला, तेव्हा ताई त्याला मिरजेला घेऊन गेली. डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ साली तिथं दवाखाना उभारला, तेव्हापासून आमच्या भागात ‘मिरजेला नेलंय’ म्हटलं की ऐकणारा पुढचं विचारत नाही.

रक्तातलं सीपीके नावाचं स्नायूंचं एन्झाइम भलतंच वाढलेलं निघालं. आजार ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. स्नायू टिकवून धरणारं डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन या मुलांच्या शरीरात जवळजवळ बनतच नाही. स्नायू झिजतात आणि त्यांची जागा चरबी घेते. पोटऱ्या भरलेल्या दिसतात त्या त्यामुळंच. हा दोष एक्स गुणसूत्रावरचा, म्हणून आजार बहुतेक मुलग्यांनाच होतो, आणि तो आईकडून येऊ शकतो. भावकीत एवढंच पोचलं. साधारण तीनातल्या एका मुलात तो नव्यानंच उपजलेला असतो, हे ऐकायला कोणी थांबलं नाही. ताईनं त्याबद्दल कधी भांडण काढलं नाही. मला मात्र त्याचा राग अजून येतो.

दहाव्या वर्षी चाकाची खुर्ची आली आणि मैदान सुटण्याऐवजी ते पक्कं झालं. जत्रेत ती खुर्ची आखाड्याच्या कडेला लागायची. घिस्सा, ढाक, एकेरी पट, कलाजंग, सगळे डाव त्याला तोंडपाठ. घरी आल्यावर निवेदकाच्या आवाजात तो अख्खी कुस्ती पुन्हा सांगायचा. दम पुरेना झाला तशी वाक्यं आखूड झाली, पण निकाल तो चुकूनही गाळत नसे. ‘खाली हाय, पण चित न्हाई,’ हे त्याचं आवडतं वाक्य. खुर्चीच्या चाकांच्या खाचांत तांबडी माती अडकून बसायची. ताई बाकीची खुर्ची पुसायची, ती माती राहू द्यायची.

सोळाव्या वर्षी तो गेला. रक्षाविसर्जनाला आलेले म्हणाले, ‘सुटलं लेकरू.’ मायेनंच म्हणाले, तरी मला ते पटलेलं नाही. त्याला सुटायचं नव्हतं. महिनाभर आधी तो पुढच्या जत्रेत कोणाच्या कुस्त्या ठरल्यात ते विचारत होता.

आता दर जत्रेत त्याच्या स्मरणार्थ लहान मुलांची एक कुस्ती ताई लावते. रेवड्यांवरच्या कुस्त्या आटोपल्या की कर्ण्यावरून त्याचं पूर्ण नाव पुकारलं जातं. मैदानात बायका सहसा नसतात. ताई असते. लंगोट लावलेली पोरं जमिनीवरून कशी उठतात, तिकडं तिची नजर असते. एकदा एका पोराला गुडघे धरून उठताना पाहिलं आणि ती तडक त्याच्या आईचं घर विचारत गेली.

या आजारातून पुरतं बरं करणारं औषध अजून नाही. पण तो लवकर कळला, तर औषधांनी आणि व्यायामानं चालण्याची काही वर्षं वाढतात, श्वासाची आणि हृदयाची काळजी वेळेत घेता येते. तुमच्या घरात, शाळेत किंवा तालमीत एखादा लहानगा मांड्यांना धरून उठत असेल आणि त्याच्या पोटऱ्या वयाच्या मानानं भरलेल्या असतील, तर कौतुक करत थांबू नका. त्याचं सीपीके तपासून घ्या.