मेनिन गेटखाली टाळ्या वाजवायच्या नाहीत

बेल्जियमची ट्रिप म्हटली की चॉकलेट, वॉफल आणि ब्रुजचे कालवे अशी आपली यादी ठरलेली असते. त्यात एक संध्याकाळ ईपरसाठी ठेवा. ब्रसेल्सहून ट्रेननं साधारण दोन तास लागतात.

पहिल्या महायुद्धात हे गाव पार जमीनदोस्त झालं होतं. आज दिसतं ते पुन्हा बांधलेलं. गावाच्या पूर्वेला मेनिन गेट ही भलीमोठी कमान आहे. तिच्या भिंतींवर ५४ हजारांहून जास्त सैनिकांची नावं कोरली आहेत, ज्यांची कबर कुठे आहे हे कुणालाच माहीत नाही. नीट शोधलंत तर शीख आणि गुरखा पलटणींमधली आपली माणसंही सापडतील. ती इथे १९१४ मध्येच पोहोचली होती.

रोज रात्री आठ वाजता कमानीखालची वाहतूक थांबते. गावच्या अग्निशमन दलातले बिगुलवादक ‘लास्ट पोस्ट’ वाजवतात, मग मिनिटभर शांतता. ही प्रथा १९२८ मध्ये सुरू झाली. जर्मनांच्या ताब्यात गाव होतं तेव्हा ती बंद पडली, पण ६ सप्टेंबर १९४४ ला गाव सुटलं आणि त्याच संध्याकाळी बिगुल पुन्हा वाजला. कोरोनात प्रेक्षक नव्हते, बिगुल मात्र होता.

साडेसातलाच पोहोचा, कारण गर्दी खूप असते. शाळांच्या सहली असतात, आजी-आजोबा असतात आणि मोबाइल उंच धरलेले हात तर असतातच. बिगुल थांबला की नवख्या माणसाचे हात आपोआप टाळ्यांसाठी पुढे येतात. इथे टाळ्या वाजवू नका अशी आयोजकांची विनंती असते. हा कार्यक्रम नाही, आणि मान वाजवणाऱ्यांचा नाही, भिंतीवरच्या नावांचा आहे.

आपल्याला हे जरा अवघड जातं. जवानाच्या अंत्ययात्रेत ‘अमर रहे’ म्हणत आपण गाव दणाणून सोडतो, आणि ३० जानेवारीला सकाळी ११ वाजता ऑफिसात दोन मिनिटं उभे राहतो तेव्हा बाहेर हॉर्न चालूच असतात. घोषणा देणाऱ्यांचं दुःख कमी असतं असं मला अजिबात वाटत नाही. पण ज्यांचं नाव घेऊन रडायला इथे घरचं कुणीच नव्हतं, त्यांच्यासाठी ही शांतताच बरी वाटते. गर्दी मला खटकत नाही, ते मिनिट मोबाइलमध्ये साठवणं खटकतं.

मुलं सोबत असतील तर आधीच समजावून सांगा, लहानगं कंटाळलंच तर कडेला उभे राहा. गेटजवळच्या तटबंदीवर भारतीय सैनिकांचं छोटं स्मारक आहे. तिथे मात्र उजेड असतानाच जाऊन या.