सापाचा अन्नत्याग

आपल्याकडचे रानातले साप घरात पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तरीही आम्हा सर्पमित्रांवर सापाला जेवू घालायची वेळ येते. चंद्रपूर-गडचिरोलीत धान कापताना बांधीत विळा लागलेली धामण येते, बोडीतल्या नायलॉनच्या जाळ्यात सोलवटलेली दिवड येते, डांबरी रस्त्यावर चेंगरलेला अजगर येतो. वनविभागात नोंद होते, पशुवैद्य टाके घालतात. जखम सुकू लागते आणि साप अन्नाला तोंड लावत नाही.

नवी पोरं लगेच उंदीर बदलून पाहतात. मी आधी पेटी तपासतो. सापाचं पचन बाहेरच्या उबेवर चालतं. पूस-माघाच्या थंडीत गिळलेला उंदीर पोटातच सडू शकतो, म्हणून साप खातच नाही किंवा खाल्लेलं ओकतो. पेटीची एक बाजू उबदार हवी, दुसरी थंड. आत तोंड फुटलेलं मडकं पालथं घालावं, पाणी ठेवावं, वर पोतं टाकावं. डोळे दुधाळ झाले असतील तर कात निघेपर्यंत थांबावं.

मग ताटाचा विचार. दिवडीला मासा-बेडूक लागतो, कवड्याला पाल. आपल्या पूर्व विदर्भात सापडणारा पट्टेरी मण्यार तर मुख्यतः दुसरे सापच खातो. अजगराच्या ओठांवरच्या खाचांना भक्ष्याची ऊब कळते. फ्रीजमधला मेलेला उंदीर त्याच्या लेखी दगडच. तो कोमट पाण्यात शेकून, तिन्हीसांजेला ठेवून निघून जावं. जिवंत उंदीर सोडू नये, तो जखमी सापालाच कुरतडतो.

तरीही नाही खाल्लं तर? वजन करावं. मोठा अजगर महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो. वजन टिकून असेल तर वाट पाहणं हाच उपचार. जबडा उघडून कोंबायचं की नाही, हे पशुवैद्यानेच ठरवावं. त्यात दात मोडतात, तोंड सोलतं आणि भेदरलेला साप सगळं ओकून टाकतो. दूध हाही उपाय नव्हे. नागपंचमीला गारुड्याचा नाग दूध पितो तो तहानेने व्याकूळ झालेला असतो, म्हणून. त्या दुधानेही तो आजारीच पडतो.

बहुतेक सापांचं उपोषण त्यांच्या रानात सोडल्यावरच सुटतं. म्हणून जखमी साप दिसला तर दूध, अंडं, उंदीर काही देऊ नका. लांब उभे राहा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.