आटपाडीच्या माळावरचा चेंडू

वाचकहो, आटपाडीला तुम्ही गेला असाल तर डाळिंबाच्या सौद्याला, नाहीतर जवळच खरसुंडीच्या यात्रेत खिलार खोंड बघायला. मी गेलो होतो स्वतंत्रपूर पाहायला. औंध संस्थानाने १९३९ साली तिथे भिंती नसलेला तुरुंग उभा केला. त्यावरूनच व्ही. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ सालचा बोलपट निघाला. ते पाहून झाले. पण आज लिहायचे आहे ते एका पोराबद्दल आणि त्याच्या चेंडूबद्दल.

मुक्कामाला ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या वस्तीवर होतो. विट्याहून भिवघाट ओलांडला की मुलूख कसा उघडा पडतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. खडी, कुसळे, बाभळी, मेंढरांचे कळप. टेंभूचे पाणी आल्यापासून मधूनमधून डाळिंबाचे हिरवे तुकडे दिसतात, एवढाच फरक. संध्याकाळी अंगणात त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा एक झिजलेला फुटबॉल पायाने उडवत होता. खाली पडू द्यायचा नाही, पायावरच झुलवायचा. एक, दोन, तीन... सात. पडला. पुन्हा एक.

"बघा पाव्हणं," त्याचे वडील म्हणाले, "संग कोण गडी न्हाई, गोल न्हाई, नुसतं उडवत बसतंय. आता नवा चेंडू मागतंय. ह्याचा काय उपेग हाय का, तुमीच सांगा."

"खेळू द्या की. डोळ्यासमोर तर हाय," आतून वहिनी म्हणाल्या.

प्रश्न मला विचारला होता आणि पोराचे कान माझ्याकडे लागले होते. मी शिकायला कोल्हापुरात होतो. तिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींचे फुटबॉल संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठच्या पेठ लोटते. तिथल्या पोरांना गल्लीबोळात हेच करताना पाहिले होते. याला ती 'जगलिंग' म्हणतात.

याचा उपयोग कळायला गवंड्याकडे बघा. खालून फेकलेली वीट वरचा माणूस झेलतो तेव्हा हात ताठ ठेवत नाही, विटेबरोबर थोडा मागे घेतो. म्हणून वीट हातात बसते. फुटबॉलमध्ये तेच काम पायाला करावे लागते. आलेला चेंडू ताठ पायावर आदळला तर दहा हात लांब जातो आणि समोरचा घेऊन पळतो. पाय किती सैल सोडायचा, घोटा कधी आवळायचा, चेंडूच्या कोणत्या भागाला स्पर्श करायचा, हे सांगून येत नाही. शेकडो वेळा चेंडू पायाला लागला की पायच शिकतो. शिवाय एका पायावर तोल सांभाळणे आलेच. सामन्यात बावीस जणांत एकच चेंडू असतो, लहान पोराच्या वाट्याला तो कितीसा येणार? अंगणात तो एकट्याचा असतो.

ब्राझीलचा पेले लहानपणी चिंध्या भरलेल्या मोज्याच्या चेंडूने खेळला. अर्जेंटिनाचा मॅराडोना तर पोरवयात सामन्याच्या मध्यंतरात चेंडू झुलवून दाखवायचा आणि लोक जागेवरून हलायचे नाहीत. लांबचे कशाला, २०१७ साली आपल्या देशात सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला, त्यात भारताकडून कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला राज्यभर शाळाशाळांतून फुटबॉल खेळवला गेला होता.

आणि हा मुलूख तर औंधचा. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी इथल्या शाळांतल्या पोरांकडून सूर्यनमस्कार घालून घेतले. त्याला ना साहित्य लागे, ना जोडीदार. रोज थोडे, पण मोजून. चेंडूचेही तसेच आहे.

मात्र खरे ते सांगायला हवे होते. मी म्हटले, "ह्यानं पोट भरेल असं मी सांगणार नाही. हजारांत एखाद्याचं भरतं. आणि नुसतं झुलवता आलं म्हणजे फुटबॉल आला, असंही नाही." दोनशे वेळा चेंडू उडवणारी आणि सामन्यात दोन मिनिटांत तो हरवून बसणारी पोरे मी पाहिली आहेत. कारण अंगणात अंगावर कोणी येत नाही, आणि सामन्यात चेंडू बहुधा जमिनीवरूनच येतो. म्हणून रोज दहा-पंधरा मिनिटे झुलवायचे, मग भिंतीवर चेंडू मारून परत घ्यायचा, आणि आठवड्यातून दोनदा तरी शाळेतल्या पोरांत खेळायचे.

तुमच्या घरी असे पोर असेल तर त्याला सातावर चिडू देऊ नका. आधी हातातून सोडून एकदाच उडवायचा आणि झेलायचा. उजव्याने जमला की डाव्याने. मग दोनदा. मध्ये एक टप्पा पडला तरी चालेल. या वयाला चार नंबरचा चेंडू पुरतो, हवा जरा कमी असलेली बरी, फार उसळत नाही. डोक्याने मात्र मारू देऊ नका. अमेरिकेत २०१५ साली फुटबॉल संघटनेने दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना ते बंदच केले, मेंदूच्या काळजीने. मुलीही हे सगळे करू शकतात, त्यांना अंगण मोकळे ठेवा.

एवढे बोलून मी उठलो आणि करून दाखवायला गेलो. तीनदा उडवला. चौथ्याला चेंडू गोठ्याकडे गेला. पोरगे पोटभर हसले.

वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, "बाभळीच्या काट्यानं किती दिवस टिकंल?"

"नाही टिकायचा. आधी अंगण झाडून घ्यायला लावा. काट्यात खेळायला चिंध्यांचा करून द्या."

"बाजारच्या दिवशी बघू," ते म्हणाले. पोराने ते ऐकले असावे, कारण त्याने चेंडू एकदम उंच उडवला आणि तो जाऊन डाळिंबाच्या सरीत पडला.

"आरं, नळी तुडवू नको!" वडील ओरडले. "ठिबक हाय ते!"