मी नुसता अडलो!

घरात नवी वस्तू आली, की तिच्याबरोबर आलेले माहितीपुस्तक आमच्याकडे सर्वांत आधी हरवते. आमचा मिक्सर अकरा वर्षे टिकला; त्याचे पुस्तक अकरा दिवसही टिकले नाही. आमच्या सौ.चे म्हणणे असे, की ज्याला पुस्तक वाचावे लागते त्याने मिक्सरला हातच लावू नये. माझे दुर्दैव असे, की मी पुस्तकच तेवढे वाचतो. पण ही पुस्तके लिहितो कोण, हा प्रश्न मात्र चाळिशी उलटेपर्यंत मला कधी पडला नव्हता. कादंबरीला लेखक असतो, कवितेला कवी असतो. माहितीपुस्तक खोक्यातच उगवत असावे, असा माझा समज होता.

तो समज दूर केला आमच्या कॉलेजच्या भाऊसाहेबांनी. कर्जतच्या बाजूला एका कॉलेजात मी मराठी शिकवतो आणि भाऊसाहेब तिथे ऑफिस सांभाळतात. पैशांच्या ओढाताणीमुळे आमच्या संगणकांवर लिबरऑफिस नावाची फुकट मिळणारी प्रणाली घातलेली आहे. पत्रे लिहावीत, हिशेब मांडावेत, तक्ते करावेत, सगळे तिच्यात होते. एका सकाळी भाऊसाहेब पालकसभेची पत्रे करीत बसले होते. पत्र एकच, पालक दोनशे. ते एक नाव खोडीत, दुसरे लिहीत, पत्र छापीत आणि पुन्हा खोडीत. चाळिसाव्या पालकाशी त्यांनी मान वर केली.

"सर, ही दोनशे नावं एकदम घालायची सोय आहे म्हणतात. पुस्तकही आहे, पण इंग्रजीत. तुम्ही एम. ए. आहात. एवढं मराठीत सांगा ना."

एम. ए. झाल्याला वीस वर्षे होऊन गेली. त्याचा असा रोकडा उपयोग कोणी प्रथमच मागत होते. मी ते पुस्तक उघडले. पहिल्याच पानांत नावांची यादी होती आणि तिचे दोन भाग होते: या आवृत्तीला हातभार लावणारे आणि मागील आवृत्त्यांना हातभार लावणारे. एका पुस्तकाला एवढे लेखक! चौकशी केली तेव्हा कळले, की यांतले बहुतेक स्वयंसेवक. ऑस्ट्रेलियातल्या जीन होलिस वेबर यांच्यासारख्या मुरलेल्या तांत्रिक लेखिकेने या पुस्तकांना वर्षानुवर्षे वेळ दिलेला. बाकीचे कोणी शिक्षक, कोणी निवृत्त, कोणी नोकरदार. एकाने प्रकरण लिहायचे, दुसऱ्याने ते संगणकापुढे बसून पायरी-पायरीने ताडून पाहायचे, तिसऱ्याने भाषा तपासायची. शेवटी ते सर्वांसाठी खुले. कोणीही नक्कल करावी, बदल करावा, आपल्या भाषेत न्यावे; अट एवढीच, की आधीच्यांचे श्रेय पुसू नये.

या प्रणालीचा जन्मही मोठा मजेदार आहे. १९८५ साली मार्को ब्योरिस नावाच्या एका जर्मन मुलाने, वयाच्या सोळाव्या वर्षी, स्टार डिव्हिजन ही कंपनी काढली. तिची 'स्टारऑफिस' ही प्रणाली १९९९ साली सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने विकत घेतली आणि २००० साली तिची मूळ संहिता जगाला खुली केली. २०१० मध्ये सनच ओरॅकलच्या ताब्यात गेली, तेव्हा स्वयंसेवकांपैकी पुष्कळांनी वेगळी चूल मांडली. त्यांनी 'डॉक्युमेंट फाउंडेशन' ही संस्था उभी केली. तिची कचेरी बर्लिनमध्ये आहे. 'लिबरऑफिस' हे नाव तेव्हाचे. तिच्यातल्या आज्ञा मराठीतही दिसतात, त्याही अशाच हौशी आणि जाणत्या माणसांच्या मेहनतीने. आता वर्षातून दोनदा तिची नवी आवृत्ती निघते आणि दर वेळी पुस्तके पुन्हा ताडून पाहावी लागतात. दिवाळीच्या फराळासारखे हे काम. केले म्हणून पुढच्या वर्षी सुटका नाही.

काही मंडळी मिळून यातली निवडक प्रकरणे मराठीत आणीत होती. मी त्यांना पत्र धाडले आणि दोनशे नावांचे ते प्रकरण मागून घेतले. खरे सांगायचे तर माझी नजर भाऊसाहेबांच्या अडचणीपेक्षा त्या यादीवर होती. माझ्या नावावर पुस्तक नाही. कवितासंग्रहाचे बाड कपाटात आहे. त्याला झुरळांखेरीज वाचक लाभलेला नाही. म्हटले, या यादीत तरी नाव लागेल.

आठ रात्री खपून मी प्रकरण सिद्ध केले. त्याला नाव दिले 'पत्रविलीनीकरण'. पहिले वाक्य होते, 'सर्वप्रथम इष्ट माहितीस्रोताचे चयन करून तदनंतर क्षेत्रांचे यथास्थान आरोपण करावे.' वाचून माझे मलाच भरून आले.

चार दिवसांनी ते परत आले. तपासणारी कोणी पुण्याची मुलगी होती, इंजिनिअरिंगला असावी. तिने एकेका वाक्यापुढे अदबीने टिपणे केली होती. 'सर, "चयन"ऐवजी "निवड" चालेल का?' 'सर, इथे नेमकं काय दाबायचं?' आणि मथळ्यापुढे, 'सर, "एक पत्र, अनेक नावे" असं म्हटलं तर?' माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची मुलगी माझे मराठी तपासते! मी दोन दिवस घरात कोणाशी धड बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी सौ. म्हणाली, "अहो, त्या मुलीला नंतर रागवा. ज्यांच्यासाठी लिहिलंत त्या भाऊसाहेबांना आधी वाचायला द्या की."

दिले. त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो आणि तोंड उघडायचे नाही असे ठरवले. त्यांनी पहिले वाक्य दोनदा वाचले, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचले. माझ्या अंगाला घाम फुटला. मी निमूटपणे त्या मुलीची सगळी टिपणे मान्य केली आणि नवी प्रत त्यांच्यापुढे ठेवली. आता ते भराभर पुढे गेले आणि पुन्हा अडले. पालकांची नावे पत्रात येतच नव्हती. तासाभराने कारण सापडले. नावांच्या तक्त्याच्या पहिल्या ओळीत भाऊसाहेबांनी कॉलेजचे नाव लिहिले होते! तीस वर्षे त्यांनी प्रत्येक कागदाच्या माथ्यावर ते लिहिले आहे. संगणकाला मात्र पहिल्या ओळीत 'पालकाचे नाव', 'पत्ता' अशी रकान्यांची नावे हवी असतात. त्याने कॉलेजच्या नावालाच रकान्याचे नाव मानले. इंग्रजीत कोणी लिहिलेच असेल, तरी आमच्या ऑफिसातल्या माणसाच्या सवयीला उद्देशून ते लिहिलेले नव्हते. मी वाक्य घातले, 'पहिल्या ओळीत संस्थेचे नाव लिहू नका. तिथे रकान्यांची नावे लिहा.' असे भाऊसाहेब सात ठिकाणी अडले आणि पानात सात वाक्ये वाढली. सायंकाळी छपाईयंत्रातून दोनशे पत्रे एकापाठोपाठ एक बाहेर पडू लागली, तेव्हा दाराशी शिपाईसुद्धा पाहायला उभे राहिले.

प्रकरण स्वीकारले गेले. यादीत माझे नाव लागले. मी ते घरी सर्वांना दाखवले. मुलीला तर दोनदा दाखवले.

भाऊसाहेबांचे गाव कोंदिवड्याजवळ. नवरात्राच्या सुट्टीत त्यांनी आम्हांला कोंडाण्याची लेणी दाखवायला नेले. राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात, रानातून चढत जायचे. पाऊस नुकताच ओसरला होता. लेण्याच्या कपाळावरून अजून पाण्याची एक धार ओघळत होती. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे हे काम. चैत्याचे खांब बरेचसे मोडून पडले आहेत; पण दगडात लाकडी घराच्या तुळया आणि वासे असे कोरले आहेत, की सुताराने दगड हाती घेतला असावा असे वाटते. किती हातांनी हे खोदले असेल! आणि त्या हातांपैकी नावाने उरला आहे एक. दर्शनी भागाच्या डाव्या अंगाला एका भग्न मूर्तीच्या मस्तकाजवळ ब्राह्मी अक्षरांची एक ओळ आहे. कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केले, असा तिचा अर्थ.

मुलीने विचारले, "बाबा, अंतेवासी म्हणजे?"

"गुरूच्या जवळ राहून शिकणारा," मी सांगितले आणि सांगता सांगताच थबकलो. बलकाला जागा मिळाली ती एका ओळीची. तेवढ्यातही त्याने आपल्या नावाआधी कण्हाचे नाव घातले. आणि माझ्या ओळीत? मी वर्गात दर वर्षी मोल्सवर्थच्या १८३१च्या कोशाविषयी बोलतो. त्याच्यासाठी गावोगावचे शब्द गोळा करणारे शास्त्री कोणाला आठवत नाहीत, म्हणून हळहळतो. तोच मी भाऊसाहेबांच्या सात अडचणींवर एकट्याचे नाव लावून मोकळा झालो होतो.

उतरताना मी त्यांना म्हटले, "भाऊसाहेब, त्या यादीत तुमचं नाव घालायला कळवतो."

ते संकोचले. "माझं कशाला, सर? मी काय केलं? मी नुसता अडलो!"

त्याच रात्री मी पुण्याला कळवले. त्या मुलीचे उत्तर सकाळी आले, 'अडणारा माणूसच मिळत नाही, सर. नाव वरती घालते.' भाऊसाहेबांनी ते पान छापून घेतले आणि चौघडी करून खिशात ठेवले. पुढे त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ते देवघराशेजारच्या भिंतीवर लावलेले दिसले.

फेब्रुवारीत नवी आवृत्ती आली. सगळ्या पायऱ्या पुन्हा करून पाहणे आले. मी खुर्ची ओढून पुन्हा भाऊसाहेबांशेजारी बसलो. त्यांनी नवा तक्ता उघडला आणि पहिल्या ओळीत सवयीने कॉलेजचे नाव लिहिले. मग माझ्याकडे पाहून जीभ चावली आणि ते हळूच खोडले.