जॉइंट अकाउंट… फरशीचं!

नव्या फ्लॅटमध्ये पाहुणे आले की पडदे बघतात, किचन बघतात, बाल्कनीतून दिसणारे डोंगर बघतात. घरमालकाची नजर मात्र खाली! दोन टाइल्सच्या मधल्या जॉइंटवर. वास्तुशांतीला एकसारखी पांढरी असलेली रेघ वर्षभरात कुठे पिवळट, कुठे करडी, तर कुठे चक्क मीठ सांडल्यासारखी. बीड बायपासवरच्या आमच्या टू बीएचकेची हीच कथा. हप्ते वीस वर्षांचे आणि फरशी वर्षातच म्हातारी!

मग सल्ले सुरू. ‘अ‍ॅसिड टाका, चकाचक होईल,’ हा लिफ्टमधला सल्ला तर बाटलीसकट घरपोच आला. पण आमच्या कामाच्या मावशींनी बाटलीला हातही लावला नाही. ‘ताई, आधीच्या घरी हेच वापरायचे,’ म्हणत त्यांनी बोटं पुढे केली. नखांच्या कडा खाल्लेल्या, कातडी सोललेली. बाटली त्याच दिवशी परत गेली.

आणि गंमत म्हणजे, अ‍ॅसिडने जॉइंटचंही भलं होत नाही. त्यातलं सिमेंटच झिजतं, छिद्रं वाढतात आणि मळ आणखी लवकर बसतो. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो, तो धोका वेगळाच.

मग खरा गुन्हेगार कोण? एका जाणत्या मिस्त्रींनी एका वाक्यात सांगितलं, ‘मॅडम, सगळं पाण्याचं काम आहे.’ फिलर कालवताना जास्त पाणी पडलं, प्रत्येक घमेल्यात वेगळं पडलं किंवा ओल्या गच्च स्पंजने घाईत पुसलं, की रंग फाटतो. त्यात आमचं छत्रपती संभाजीनगर! जायकवाडीचं पाणी पन्नासेक किलोमीटरवरून येतं आणि नळाला रोज पाणी हे सुख आम्हाला ठाऊक नाही. म्हणून बोअर, म्हणून टँकर. बोअरच्या जड पाण्यातले क्षार जॉइंटमध्ये शिरतात, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. पाणी मुरतंय ते इथेच!

म्हणून आधी निदान करा. ओल्या फडक्याने जॉइंट घासा. फडकं काळं झालं तर तो मळ. पांढरेपणा ओला असताना गायब आणि वाळल्यावर पुन्हा हजर, तर क्षार. यातलं काहीच नसेल, तर कालवण्यातच रंग बिघडलाय.

मळासाठी खायच्या सोड्याची पेस्ट, दहा मिनिटं आणि जुना टूथब्रश. क्षार आधी कोरड्या ब्रशने झाडून काढा. तरी राहिले तर जॉइंट ओला करून पाणी मिसळलेलं व्हिनेगर लावा आणि लगेच धुवा. शहाबादी, कोटा किंवा संगमरवरावर मात्र व्हिनेगर नको. दगडाची चमक जाते.

रंगच बिघडला असेल तर घासून हात दुखतील, एवढंच! जॉइंटवर लावायचा रंग मिळतो, तो लावा. नाहीतर जुना फिलर निम्म्याहून जास्त खोलीपर्यंत कोरून नवा भरून घ्या. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी, तेही स्वच्छ, मोजून. घट्ट झालं म्हणून वरून पाणी ओतू देऊ नका. बाथरूमसाठी इपॉक्सी उत्तम. महाग आहे, पण पाणी जवळजवळ पीत नाही. फक्त ते भराभर वाळतं, त्यामुळे हात सरावाचा हवा. साधा सिमेंटचा फिलर पूर्ण वाळला की वरून सीलर लावा.

आम्ही हॉलमधले जॉइंट रंगवले, बाथरूममध्ये इपॉक्सी भरलं. दाराजवळची एक ओळ अजून किंचित गडद दिसते. दिसू दे! आता मावशी हातमोजे घालतात, फडकं घट्ट पिळून पुसतात आणि अर्धी बादली पाणी वाचतं. आमच्या शहरात अर्धी बादली म्हणजे काय, हे टँकरची वाट बघणाऱ्यालाच विचारा.