उम्मीद, अपेक्षा आणि 'लुकिंग फॉरवर्ड'

जऊळक्याची मुलं आता पुण्याच्या कंपन्यांना इंग्रजीतून अर्ज करतात. उत्तर आलं की अर्थ विचारायला कुणी ना कुणी माझ्याकडे येतं. यंदा एका मुलाला मुलाखतीनंतर मेल आला. शेवटची ओळ होती, 'वी लूक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू.' घरच्यांनी अर्थ लावला, 'ते आपली वाट पाहतायत.' अम्मीने नातेवाइकांना फोन केले, मुलाने अकोल्यातलं हातचं काम सोडलं. कंपनीला फक्त त्याची कागदपत्रं हवी होती.

'लूक फॉरवर्ड टू' म्हणजे आनंदाने वाट पाहणं. पण पत्राच्या शेवटी तो नुसता शिष्टाचार असतो. 'आपला विश्वासू' लिहिणाऱ्यावर आपण तेवढ्यावरून विश्वास टाकतो का? नोकरी पक्की समजायची ती 'वी आर प्लीज्ड टू ऑफर' या ओळीवर, तीही पगार आणि रुजू होण्याची तारीख पाहून.

'एक्स्पेक्ट'मध्ये आनंदही नाही अन् दुःखही नाही. पाऊस एक्स्पेक्टेड असतो, तसं नुकसानही. हवामान खातं एप्रिलमध्ये मान्सूनचा अंदाज देतं. सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस म्हणजे त्यांच्या भाषेत 'सामान्य'. तो ऐकून आपल्याकडे कुणी सोयाबीन पेरत नाही. जमीन ओली झाल्यावरच पेरतो. मेलमधला अंदाजही तसाच वाचावा. मात्र 'यू आर एक्स्पेक्टेड टू रिपोर्ट ॲट नाइन' हा अंदाज नाही, तो हुकूम आहे. नऊ म्हणजे नऊ.

गंमत म्हणजे बाई गरोदर असली की इंग्रजीत ती 'एक्स्पेक्टिंग' असते. मराठीत तिला दिवस गेलेले असतात. आमच्या घरातल्या बायका म्हणतात, 'वो उम्मीद से है.' एकाच गोष्टीत इंग्रजीला अंदाज दिसला, मराठीला गेलेले दिवस आणि उर्दूला आशा.

उद्याचं बोलताना 'इन्शाअल्लाह' म्हणावं, ही शिकवण सूरह कहफमध्ये आहे. आपण मात्र तो शब्द टाळाटाळीसाठी वापरू लागलोय. 'येतो, इन्शाअल्लाह' म्हटलं की समोरचा समजतो, हा काही येत नाही. खरं तर त्याचा अर्थ, माझ्याकडून मी पुरी तयारी केली आहे, पुढचं अल्लाहच्या हाती. असा अर्थ एका क्रियापदात बसवणं इंग्रजीला जमलेलं नाही. आपल्याकडे तो शब्द तयार आहे, तो निदान खरेपणाने वापरू या.