भांड्यावरचं नाव

लग्नात आलेलं पितळी पातेलं उपडं केलं की देणाऱ्याचं नाव निघतं. प्रेझेंटेशनच्या फायलीचंही तसंच. पॉवरपॉइंट २००७ पासूनची ‘पीपीटीएक्स’ फाईल म्हणजे मुळात झिपचं गाठोडं. पटत नसेल तर शेपटीला ‘झिप’ लावून सोडून बघा. आत ‘कोअर’ नावाच्या कागदावर लेखक आणि शेवटचा हात कुणाचा ते. ‘कस्टम’वर आपण हौसेनं घातलेल्या नोंदी. त्यांचे क्रमांक सुरू होतात २ पासून. ० आणि १ राखीव! म्हणजे इथंही पहिल्या रांगेतल्या खुर्च्या पाहुण्यांच्याच.

आमच्या खात्याचं नाव बदललं आणि ३०० फायलींतली ती नोंद बदलायचं काम माझ्या गळ्यात पडलं. हातानं केलं असतं तर निवृत्तीपर्यंत पुरलं असतं. पायथनमध्ये चार ओळी खरडल्या : गाठोडं सोड, नाव बदल, पुन्हा बांध. चहा निवायच्या आत काम फत्ते!

साहेब खूश. म्हणाले, “मग ‘तयार करणार’पुढं माझंच नाव घाला. तो माणूस तर बिचारा गेला.”

प्रोग्रामला काय, एका ओळीचं काम. पण पातेल्याला कल्हई करावी, खालचं नाव घासू नये.

“ती नोंद राखीव असते, साहेब,” मी म्हणालो. “क्रमांक १ सारखी.”

राखीव म्हटल्यावर साहेबांना ताबडतोब पटलं.